जमिनीला टेकलेला उंच माणूस

लिफ्टर चेंडू फारच उंच देतो. एरवीच्या सामन्यात अशी लिफ्ट वाया गेली म्हणून बाकावरून ओरडा झाला असता. इथे ती हिशेबाने दिलेली असते. नेटपाशी बसलेला एक माणूस डावा तळवा जमिनीवर रोवतो, कंबर ताठ करतो आणि उजवा हात वर न्यायला लागतो. समोर ब्लॉकसाठी तीन जोड हात उभे राहिलेले असतात. ते जिथे संपतात, तिथून पुढेही हा हात वर जातच राहतो. चेंडू त्याला हवेत निवांत भेटतो. मग मनगटाचा एक झटका, आणि चेंडू ब्लॉकच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत. ब्लॉकवाल्यांनी काही चूक केलेली नसते. त्यांचे हात तेवढेच असतात.

हा इराणचा मोर्तेझा मेहरझाद. उंची २.४६ मीटर, म्हणजे आठ फुटांहून थोडी जास्त. बसलेल्या स्थितीत त्याचा हात जमिनीपासून १.९३ मीटरच्या आसपास पोचतो. पुरुषांच्या सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये नेटची उंची असते १.१५ मीटर. या दोन आकड्यांमधल्या अंतरात त्याची कारकीर्द उभी आहे: २०१६ मध्ये रिओ, २०२१ मध्ये पार पडलेलं टोकियो, २०२४ मध्ये पॅरिस. सलग तीन पॅरालिम्पिक स्पर्धांत त्याच्या संघाने सुवर्णपदक मिळवलं.

आणखी एक आकडा मला राहून राहून आठवतो. उभ्याने खेळायच्या पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये नेट २.४३ मीटरवर असतं. म्हणजे मेहरझाद त्या नेटशेजारी नुसता सरळ उभा राहिला, तरी त्याचा माथा नेटच्या वर जातो. दुसरे खेळाडू जिथे पोचायला आयुष्यभर उड्या मारतात, तिथे याचं डोकं जन्माच्या हिशेबाने पोचलेलं. तरीही तो खेळ त्याच्यासाठी नव्हता. धावणं नव्हतं, उडी नव्हती, झटकन वळणं नव्हतं. इतकी उंची असून ती त्याच्या उपयोगी पडली ती जमिनीवर बसल्यावर.

आपल्याकडे गावोगावी व्हॉलीबॉल आहे. शाळेमागचं पटांगण, फक्कीच्या रेषा, दोन खांबांना ताणलेलं जुनं नेट, आणि दिवेलागणीपर्यंत चाललेला आरडाओरडा. तिथे नववी-दहावीतला एखादा पोरगा एका उन्हाळ्यात ताडमाड वाढला, की मोठी मंडळी त्याला हाक मारून नेटवर उभं करतात. खेळ येतो की नाही हे नंतर बघतात. उंची हे आपल्याकडे आधीच पास झालेलं प्रमाणपत्र असतं. सहा फूट म्हणजे रुबाब. साडेसहा फूट म्हणजे कौतुक. पण त्याच्या पुढे कुठेतरी एक रेष आहे. ती कुणी आखलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. ती ओलांडली की लोक माणसाकडे बघणं सोडून त्याच्या उंचीकडे बघू लागतात. लहान मुलं आईच्या मागे लपतात, मोठी माणसं फोन काढतात. मेहरझादची तरुणपणाची सगळी वर्षं त्या रेषेपलीकडे गेली.

त्याचा जन्म १९८७ चा. माझंदरान प्रांतातलं चालूस हे त्याचं गाव. एका बाजूला कॅस्पियन समुद्र, दुसऱ्या बाजूला अल्बोर्झचे डोंगर. मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वाढीचं संप्रेरक ती गरजेपेक्षा जास्त स्रवू लागली की शरीराला थांबायचं कळत नाही. हाडं वाढत राहतात, हातपाय, जबडा, कपाळ सगळं वाढत राहतं. मेहरझादचं तसंच झालं. त्यात ऐन पौगंडावस्थेत तो सायकलवरून पडला आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. त्यानंतर उजव्या पायाची वाढ खुंटली, डावा मात्र वाढत राहिला. दोन पायांत सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक पडला. चालायचं तर कुबड्या, नाहीतर चाकाची खुर्ची. एकाच शरीरात एक भाग थांबायला तयार नाही आणि दुसरा पुढे यायला तयार नाही, अशी ही अवस्था. ज्या वयात मुलं आरशासमोर उभी राहून भांग पाडतात, त्या वयात त्याच्या वाट्याला हे आलं.

तो घरात बसू लागला. बाहेर पडलं की नजरा, म्हणून बाहेर पडणं बंद. त्या काळातल्या एकटेपणाबद्दल आणि निराशेबद्दल त्याने पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. मला या घरात बसण्याचा विचार सोडवत नाही. आपल्याही गल्लीत अशी एखादी खिडकी असते. आतलं माणूस कुणी फारसं पाहिलेलं नसतं. घरचे विषय टाळतात, शेजारी आदबीने विचारत नाहीत, आणि त्या आदबीतच वर्षं निघून जातात. शरीराने जेवढं अडवलेलं असतं, त्याच्या कितीतरी पट जास्त उंबऱ्याने अडवलेलं असतं.

२०११ मध्ये इराणच्या टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात मेहरझाद दिसला. वेगळ्या शरीराच्या माणसांवरचा तो कार्यक्रम होता. घरोघरी लोकांनी तो पाहिला असेल, हळहळले असतील, जेवता जेवता त्याच्यावर बोलले असतील. त्या पाहणाऱ्यांत हादी रेझाई होते. इराणच्या सिटिंग व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षक, स्वतः या खेळाचे माजी खेळाडू. पडदा तोच, माणूस तोच. रेझाईंना त्या लांब हातांत नेटवरची एक जागा दिसली. त्यांनी त्याला शोधून काढलं.

या एका पाहण्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. दया करणारे खूप भेटतात, थक्क होणारे त्याहून जास्त. रेझाईंना एक खेळाडू हवा होता. त्यांच्या संघाचं काम अडलेलं होतं आणि ते काम हा माणूस करू शकतो असं त्यांना वाटलं. स्वतःचा स्वार्थ असलेली ती नजर होती, आणि म्हणूनच ती खरी होती. आयुष्यात पहिल्यांदा मेहरझादच्या शरीराची कुणाला तरी गरज पडली होती.

पुढचा प्रवास मात्र टीव्हीवरच्या गोष्टीसारखा झटपट झाला नाही. रेझाईंच्या नजरेला पडल्यापासून पॅरालिम्पिकच्या कोर्टावर बसेपर्यंत पाच वर्षं गेली. २०१६ उजाडल्यावर कुठे तो राष्ट्रीय संघात खेळू लागला. कारण हा खेळ नुसत्या लांब हातांनी खेळता येत नाही. बसून खेळायचं म्हणजे सोपं, असं लांबून वाटतं. एकदा घरातल्या फरशीवर बसून, कुणालातरी चेंडू टाकायला सांगून पाहावं. चेंडू दोन हात उजवीकडे पडला तरी तो गाठायला आधी दोन्ही तळवे जमिनीवर टेकून अंग सरकवावं लागतं, आणि सरकून होईतो तेच तळवे हवेत, चेंडूखाली पोचलेले असावे लागतात. उभ्या खेळात पाय नेतात आणि हात खेळतात. इथे न्यायचंही हातांनी आणि खेळायचंही हातांनी. चार-पाच चेंडूंत तळवे तापतात, खांदे भरून येतात, पोटाचे स्नायू थरथरू लागतात. आणि कोर्ट लहान असतं, १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, त्यामुळे चेंडू समोरून डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. हा बसून खेळायचा खेळ असला तरी त्यात विसावा कुठेच नाही.

नियमही विचार करायला लावणारे आहेत. सर्व्हिस, ब्लॉक किंवा हल्ला करताना खेळाडूचं बूड जमिनीला टेकलेलं असलं पाहिजे. जरा उचललं गेलं की पॉइंट समोरच्याला. कोण रेषेच्या आत, कोण बाहेर, हे पाय पाहून ठरत नाही, बैठक कुठे आहे यावरून ठरतं. पाय असोत, नसोत, एक असो, अर्धा असो, खेळाचा कायदा त्यांची चौकशीच करत नाही. उभ्या व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिसवर ब्लॉक करता येत नाही, इथे करता येतो. म्हणजे मेहरझादसारखा माणूस नेटवर असला की समोरच्याची पहिली सर्व्हिससुद्धा त्याच्या हातांना चुकवूनच काढावी लागते.

हा खेळ युद्धांनी वाढवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये जखमी माणसं जर्मनीतून आलेला, जमिनीवर बसून खेळायचा ‘सिट्झबॉल’ खेळत. १९५६ मध्ये तिथे त्याला व्हॉलीबॉलची जोड मिळाली. १९८० मध्ये नेदरलँड्समधल्याच आर्नहेमच्या पॅरालिम्पिकमध्ये तो पदकाचा खेळ झाला. त्याच वर्षी इराण आणि इराक यांच्यात युद्ध पेटलं आणि आठ वर्षं धुमसत राहिलं. ऑगस्ट १९८८ मध्ये बंदुका थांबल्या. ऑक्टोबरमध्ये सोलला इराण पहिल्यांदाच पॅरालिम्पिकला उतरलं आणि सिटिंग व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक घेऊन गेलं. घराघरात पाय गमावलेली तरुण पोरं असलेल्या देशाने हा खेळ एवढा आपलासा का केला, हे वेगळं सांगायला नको.

आणि इराणचा सगळ्यात कडवा प्रतिस्पर्धी कोण, तर बोस्निया-हर्झेगोव्हिना. १९९२ ते १९९५ च्या युद्धाने आणि जमिनीत पुरून ठेवलेल्या सुरुंगांनी त्या चिमुकल्या देशात असंख्य माणसांचे पाय नेले. तिथल्या संघाची पहिली फळी अशाच माणसांतून उभी राहिली. २०००, २००४, २००८, २०१२, २०१६ आणि २०२४ अशा सहा पॅरालिम्पिक अंतिम सामन्यांत इराणसमोर बोस्निया होता. दोनदा बोस्निया जिंकला, चारदा इराण. वेगवेगळ्या युद्धांनी जमिनीवर आणलेली माणसं त्याच जमिनीवर बसून एकमेकांशी नेटाने खेळतात आणि सामना संपल्यावर नेटखालून हात मिळवतात.

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावं लागलं. पेटकरांची आठवण मला मेहरझादच्या संदर्भात येते ती पदकामुळे कमी आणि या मधल्या ४६ वर्षांमुळे जास्त. शरीर हरल्यावर माणूस पाण्यात उतरतो, जिंकतो, परत येतो, आणि आपण त्याला ओळखायला अर्धं शतक घेतो.

मेहरझाद मात्र युद्धाने जखमी झालेला नव्हता. त्याच्या जखमेला शत्रू नव्हता, पदक नव्हतं, समाजाने आदराने उच्चारावी अशी कथा नव्हती. सैनिकाच्या तुटलेल्या पायापुढे लोक मान तुकवतात. ग्रंथीच्या चुकीने वाढलेल्या शरीरापुढे तसं कुणी मान तुकवत नाही. सैनिकांनी घडवलेल्या या खेळात त्याला जागा मिळाली, ही त्या खेळाच्या मनाची श्रीमंती.

रिओचा अंतिम सामना १८ सप्टेंबर २०१६ चा. आदल्या दिवशी मेहरझादला २९ वर्षं पूर्ण झाली होती. त्याच आदल्या दिवशी इराणचा ४८ वर्षांचा सायकलपटू बहमान गोलबरनेझाद रस्त्यावरच्या शर्यतीत उतारावर कोसळला आणि गेला. रिओसेंत्रोमध्ये, जिथे सामना होता, पॅरालिम्पिकचा ध्वज अर्ध्यावर आणला गेला. सायकलवरून पडण्याने ज्याचं स्वतःचं आयुष्य दोन तुकड्यांत विभागलं होतं, तो मेहरझाद त्या ध्वजाखाली खेळायला बसला. त्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, ते तोच जाणे. त्याने काय केलं ते नोंदलेलं आहे: त्या सामन्यात त्याने २८ पॉइंट मिळवले. इराण ३-१ ने जिंकलं आणि संघाने ते सुवर्ण आपल्या गेलेल्या सोबत्याला अर्पण केलं. एरवी ज्याच्यासाठी दुसऱ्यांनीच हळहळावं असा हा माणूस, त्या दिवशी तो दुसऱ्यासाठी काहीतरी करू शकत होता. दुःखात सहभागी होण्याचाही एक हक्क असतो. तो त्याला संघाने मिळवून दिला.

त्याच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की एवढ्या उंचीपुढे खेळ कसला, हा तर अन्याय. मला हे पटत नाही. नीट पाहिलं तर त्याचे २८ पॉइंट एकट्याचे नसतात. इतकं मोठं शरीर जमिनीवरून चपळाईने सरकत नाही. त्याच्या आजूबाजूची फरशी दुसऱ्यांना सांभाळावी लागते. समोरचे हुशार संघ चेंडू त्याच्यापासून लांब, खाली, रेषेलगत ठेवतात, आणि तिथे कुणीतरी पोटावर पडून, एक हात लांबवून तो वाचवतो. मग लिफ्टर तो उचलतो, आणि त्यानंतर कुठे तो लांब हात वर जातो. आणि ज्या ग्रंथीने ती उंची दिली, तिनेच त्याचं चालणं, साधे कपडे, साधी झोप महाग करून ठेवली आहे. कोर्टावरचे दीड-दोन तास सोडले, तर हे शरीर कुठेच फायद्याचं नाही. तेवढ्या दोन तासांवर तरी आपण हरकत घेऊ नये.

झोपेची गोष्ट तर जगजाहीर झाली. पॅरिसमध्ये २०२४ च्या स्पर्धेवेळी त्याच्या मापाचा पलंग नाही, त्यामुळे तो जमिनीवर झोपणार आहे, असं रेझाईंनी सांगितलं. टोकियोत खास पलंग केला होता, हेही त्यांनी सांगितलं. त्याला या गोष्टीचं फारसं काही वाटत नाही, त्याच्या डोक्यात फक्त जिंकणं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. जगभर ती बातमी कौतुकाने वाचली गेली. मला त्या कौतुकाशी थोडं भांडावंसं वाटतं. जमिनीवर झोपायची तयारी ठेवून सुवर्ण जिंकलं ही त्याची थोरवी. पण ती थोरवी त्याला दाखवायला लागू नये, हे जगाचं काम. आपण दिव्यांगांच्या सोशिकतेचं कौतुक करतो तेव्हा बऱ्याचदा आपल्या अंगावरचं काम झटकत असतो.

आपल्याकडचा एखादा सत्कार आठवून पाहा. दिव्यांग खेळाडू पदक घेऊन आलेला असतो. हार असतो, शाल असते, श्रीफळ असतं, भाषणात त्याच्या जिद्दीला सलाम असतो. आणि व्यासपीठाला पायऱ्या असतात. चार कार्यकर्ते त्याला खुर्चीसकट उचलून वर नेतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. उतार करायला दोन फळ्या पुरल्या असत्या. पण फळ्यांचा विचार करायला त्या माणसाची गरज असावी लागते, आणि सत्काराला फक्त त्याची उपस्थिती पुरते. दुसऱ्या दिवशी तो त्याच मैदानाच्या कडेला असतो, आणि मैदानात बोलवायला कुणी येत नाही. कौतुक माणसाला उचलून वर ठेवतं, आणि वर ठेवलेल्या वस्तूला कुणी रोज हात लावत नाही.

संघ तसं करत नाही. संघ चिडतो, वेळेवर ये म्हणतो, चुकलेल्या सर्व्हिसबद्दल विचारतो. सरावाला तू नसलास तर आमचं अडतं, असं सांगतो. मेहरझादच्या आयुष्यात सुवर्णपदकं नंतर आली. आधी आलं ते हे अडणं. कुणीतरी सकाळी वाट पाहतंय, कुणीतरी चेंडू मुद्दाम उंच ठेवणार आहे आणि तो तिथे नसला तर चेंडू नुसता खाली पडणार आहे. शरीरावरचा राग एवढ्याने सगळा जातो असं मी म्हणणार नाही. पण ज्या हातांची लाज वाटत होती, त्याच हातांवर पाच माणसं विसंबून बसलेली असतात, तेव्हा त्या हातांकडे पाहायची माणसाची स्वतःची नजर बदलत असणार.

हे घडवायला इराणला जाण्याची गरज नाही. जिथे बॅडमिंटनचं कोर्ट मावतं, तिथे सिटिंग व्हॉलीबॉलचंही मावतं. गुळगुळीत फरशी, एक चेंडू आणि खाली बांधलेलं नेट, एवढ्यावर भागतं. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर धडधाकट माणसंही हा खेळ बसून खेळू शकतात, काही देशांत खेळतातही. तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ हे नेट बांधलं, तर त्या बंद खिडकीतल्या पोराला बोलवायला एक खरं कारण मिळेल. त्याला पाहायला किंवा धीर द्यायला जायची गरज उरणार नाही, कारण सहावा खेळाडू कमी पडत असेल. आणि तो आला की ‘याला काय झालंय?’ हा प्रश्न कुणाच्या तोंडी येण्याआधी, कोर्टावरच्या एखाद्या अनुभवी माणसाने त्याच्या खांद्यांकडे, हातांकडे, डोळ्यांच्या चपळाईकडे पाहून एवढंच ठरवावं, की याला नेटवर बसवायचं की मागे.